क्लच लिव्हर बदलणे: १०० सीसी मोटरसायकल, सोलापूर

१८ एप्रिल. पाहणी

गाडी १०० सीसीची, चार गिअरची, बटण स्टार्ट. होटगी रोडच्या कडेला भर दुपारी साइड स्टँडवर उभी होती. या दिवसांत डांबर मऊ पडतं, स्टँडचं टोक हळूहळू आत रुततं आणि गाडी डाव्या अंगावर आडवी होते. त्या बाजूला सगळ्यात बाहेर आलेलं असतं ते क्लच लिव्हरचं टोक, त्यामुळे मार तिथंच बसतो. स्टँडखाली शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा सरकवला तरी हे टळतं. उन्हाळ्यात असा तुकडा डिकीत ठेवावाच.

लिव्हर बुडाच्या बोल्टपासून साधारण १०० मि.मी.वर तुटला. गोळा असलेला ५० मि.मी.चा तुकडा वेगळा झाला. तुटलेलं तोंड नीट बघितलं तर त्यात दोन रंग दिसतात. एका कडेला काळपट पट्टा, बाकीचा भाग करडा, दाणेदार, चकचकीत. चकचकीत भाग आज तुटलेला. काळपट पट्टा म्हणजे आधीच्या कुठल्यातरी पडण्यातली जुनी चीर, जिच्यात धूळ आणि हाताचा घाम मुरत राहिला. हे लिव्हर ओतीव ॲल्युमिनियमचे असतात. लोखंडी पट्टीसारखे ते खूप वाकून आधी कळवत नाहीत. थोडे वाकतात, चिरतात आणि पुढच्या धक्क्याला तुटतात. त्यामुळे पडून वाकलेला लिव्हर पाइपात घालून सरळ करायचा आणि तसाच वापरायचा, हे धोक्याचं. वेल्डिंगचाही विचार करू नये. अशा ओतकामात बारीक पोकळ्या असतात, उष्णता लागली की त्यातली हवा वर येते आणि जोड सच्छिद्र होतो. नव्या लिव्हरची किंमत बघता तो खटाटोप परवडतही नाही.

लिव्हरसोबत आणखी काय दुखावलं ते आजच तपासलं, म्हणजे दुकानात दोनदा जावं लागणार नाही. हँडल सरळ आहे. ब्रॅकेट, म्हणजे ज्याला गॅरेजवाले योक म्हणतात तो, हँडलवर थोडा फिरला आहे, पण चिरलेला नाही. आरसा याच ब्रॅकेटच्या आट्यांत बसतो. तो काढून आट्यांच्या तोंडाशी नख फिरवलं, चीर लागली नाही. गिअरचा पाय-लिव्हर आत वाकून इंजिनच्या झाकणाला टेकलेला असतो का, हेही बघावं. टेकला असेल तर गिअर पूर्ण पडत नाही आणि दोष उगाच क्लचवर जातो. इथं मध्ये बोटभर जागा आहे.

उरलेल्या थोटकावर गाडी घरापर्यंत आणता येते, पण रोज चालवू नये. बोटं एरवी बोल्टपासून १२० मि.मी.वर जोर लावतात, ती आता ९० मि.मी.वर लावावी लागतात. तरफेचा हात पाऊणपट झाला की जोर सव्वापटीहूनही जास्त, तेहतीस टक्के अधिक लागतो. बोटं दमली की क्लच अर्धवट दाबला जातो आणि प्लेटा घासल्या जातात. शिवाय टोकाचा गोळा गेलेला असतो. गाडी पडली तर लिव्हर अंगात घुसू नये म्हणून तो गोळा ठेवलेला असतो. थोटकाची धार कानशीने मोडून ठेवली.

१९ एप्रिल. खोलणी आणि मापं

हत्यारं: १० नंबरचे दोन पाने, रुंद पात्याचा पेचकस, पक्कड, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं), चिंधी, गंज सोडवणारा स्प्रे.

आधी क्लचची वायर सैल करायची, लिव्हर नंतर. रबरी टोपी मागे सरकवली, ॲडजस्टरची, म्हणजे वायरची ढील जुळवणाऱ्या स्क्रूची, लॉकिंग रिंग सोडली आणि ॲडजस्टर पूर्ण आत फिरवला. एवढ्यानं पुरेशी ढील मिळाली नाही, म्हणून इंजिनजवळच्या ब्रॅकेटवरचे दोन्ही नटही सैल केले. तिथं हात घालण्याआधी वायरच्या आट्या किती बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवलं: ११ मि.मी. बसवताना सुरुवात कुठून करायची ते या आकड्यावरून कळतं. तो नसेल तर अंदाजाने अर्धा तास जातो.

ॲडजस्टर, त्याची रिंग आणि ब्रॅकेट या तिघांना मुद्दाम ठेवलेली एकेक चीर असते. तिन्ही चिरा एका रेषेत आणल्या की वायर आडवी बाहेर येते आणि निपल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं बोंड, लिव्हरच्या खोबणीतून खाली उतरतं. चिरा जुळवल्याशिवाय वायर ओढली तर निपलजवळचे तार उलगडतात. घरगुती कामात वायर खराब होते ती बहुतेक इथंच.

बुडाचा बोल्ट. इथली चूक सर्रास होते. बोल्टचं डोकं वर दिसतं, म्हणून लोक पेचकस घालून सरळ फिरवतात. पण हा बोल्ट ब्रॅकेटच्या खालच्या कानातल्या आट्यांतही बसतो आणि त्याखाली लॉकनटही असतो. नट तसाच ठेवून बोल्ट फिरवला की जोर ॲल्युमिनियमच्या आट्यांवर जातो आणि त्या सोलून निघतात. क्रम असा: खालून स्प्रे मारून वीस मिनिटं थांबायचं, वर पेचकसाने बोल्ट धरायचा, खालचा नट पान्याने काढायचा आणि मगच बोल्ट वर उलगडायचा. बोल्टवर गंज कमी, पण काळी पेस्ट भरपूर: जुनं ग्रीस आणि बारीक माती. काळ्या रानातली ही धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते. बोल्टचा गुळगुळीत भाग एका अंगाला हाताला लागेल इतका झिजला आहे. नवा घ्यायचा.

आता मापं. जुना लिव्हर टाकून द्यायच्या आधी चार गोष्टी मोजल्या:

बोल्टच्या भोकाचा व्यास ८ मि.मी., एका दिशेने लांबून ८.३ झालेला.
निपलच्या भोकाचा व्यास ८ मि.मी.
या दोन भोकांच्या कडांमधलं अंतर २० मि.मी. त्यात दोन्हींच्या त्रिज्या, म्हणजे ४ अधिक ४, मिळवल्या की मध्यापासून मध्यापर्यंत २८ मि.मी.
बुडाची जाडी ७.८ मि.मी., ब्रॅकेटच्या कानांमधली फट ८.

यातलं तिसरं माप सगळ्यात मोलाचं आहे आणि दुकानात ते कुणी विचारत नाही. लिव्हर किती दाबल्यावर वायर किती ओढली जाईल, हे त्या २८ मि.मी.वर ठरतं. लिव्हर सगळे सारखेच दिसतात. काळे, चंदेरी, लांबीला दीडशे मि.मी.च्या आसपास. फरक दडलेला असतो तो या दोन भोकांमध्ये.

२१ एप्रिल. पहिला लिव्हर

शिक्का नसलेला, "शंभर सीसीला चालतो" असं सांगून दिलेला लिव्हर आणला. जाडी ७.८, भोकं बरोबर, स्विच दाबणारं खालचं शिंगही आहे. या शिंगाकडे लक्ष हवं. गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय बटण स्टार्ट होऊ नये, म्हणून ब्रॅकेटच्या पोटात एक छोटा स्विच असतो. लिव्हरचं शिंग आखूड असेल तर स्विच दाबला जात नाही, आणि गाडी फक्त न्यूट्रलमध्येच स्टार्ट होते. मग बॅटरी आणि रिले तपासण्यात दिवस जातो.

मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मात्र २५.५ मि.मी. भरलं. अडीच मि.मी.ने काय होतं ते बघायचं म्हणून तरीही बसवला.

बसवणी उलट क्रमाने. बोल्टच्या गुळगुळीत भागावर ग्रीसचा पातळ थर, निपलवरही तसाच. चमचाभर ग्रीस थापलं तर ते बाहेर येतं, धूळ धरतं आणि परवा दिसलेली काळी पेस्ट पुन्हा तयार होते. बोल्ट पेचकसाने फक्त टेकेपर्यंत फिरवायचा. त्याच्यावर जोर द्यायचा नाही. लिव्हर झुलवून बघायचा, आपोआप परत येतो का. मग बोल्ट पेचकसाने जागच्या जागी धरून खालचा नट आवळायचा आणि पुन्हा झुलवायचा. नट आवळल्यावर लिव्हर जड झाला, तर नटासोबत बोल्टही फिरून कान दाबले गेले असं समजायचं. सोडून परत करायचं. जड लिव्हर बोटं सोडल्यावर पूर्ण परत येत नाही आणि क्लच कायम थोडा दाबलेला राहतो.

टोकाशी प्ले, म्हणजे वायर ताणली जाण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल, १५ मि.मी. ठेवला. लहान मोटरसायकलींना साधारण १० ते २० मि.मी. असतो. मोजताना पट्टी लिव्हरच्या टोकाला धरायची, मधे नाही, आणि इंजिन थंड असताना.

२२ एप्रिल. चाचणी

जुळे सोलापूरहून आसरा चौक, तिथून सात रस्ता आणि रंगभवन, तोच रस्ता परत. सकाळी, इंजिन थंड असताना सुरुवात.

पहिल्याच दाबाला क्लच हलका लागतो. इतका हलका की हा लिव्हर चांगला आहे असं वाटावं. पण सात रस्त्याच्या सिग्नलला क्लच पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये उभं राहिलं की गाडी पुढे सरकू बघते, ब्रेक धरून ठेवावा लागतो. थांबलेल्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही. पहिला गिअर पडताना ठक्क आवाज येतो. इंजिन तापल्यावर तिन्ही गोष्टी वाढल्या.

कारण साधं आहे. लिव्हरचं टोक मोकळं असतानाच्या जागेपासून ग्रिपला टेकेपर्यंत ६५ मि.मी. जातं. १५ प्लेमध्ये गेले, कामाचे ५० उरले. लिव्हरची लांबी १५० धरली तर जुना लिव्हर वायर ओढत होता ५० × २८ ÷ १५०, म्हणजे ९.३ मि.मी. नवा ओढतो ५० × २५.५ ÷ १५०, म्हणजे ८.५. वायरीवर ०.८ मि.मी. कमी. इंजिनमधल्या लिफ्टरपर्यंत, म्हणजे प्लेटा वेगळ्या करणाऱ्या भागापर्यंत, हा फरक आणखी लहान होतो, पण प्लेटा वेगळ्या होण्यासाठी मुळात जागाच थोडी असते, त्यामुळे तेवढ्यानंही त्या एकमेकींना घासत राहतात. हलकेपणा आणि कमी ओढ ही एकाच मापाची दोन फळं. जोर वाचला तो ओढ कमी करून. क्लच हलका झाला म्हणून खूश होण्याआधी सिग्नलवर न्यूट्रल सापडतं का, ते बघावं.

प्ले ६ मि.मी.वर आणून बघितला. न्यूट्रल लगेच सापडू लागलं, ठक्क आवाजही कमी झाला. बरेच जण इथंच काम संपवतात. पण हा उपाय नाही. प्लेटा झिजतात तसा प्ले वाढत नाही, घटतो. प्लेटांची चळत पातळ झाली की तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट लिफ्टरकडे सरकते आणि मोकळी जागा खाते. वायर ताणली गेली की प्ले वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. उलटी बाजू फार थोड्यांना. ६ मि.मी.वरून तो शून्यावर यायला वेळ लागत नाही. शून्याला आला की हात न लावताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी वेग धरत नाही आणि प्लेटा जळतात. नव्वद रुपयांच्या लिव्हरसाठी क्लच प्लेटांचा अख्खा संच घालवण्यासारखं आहे ते.

लिव्हर काढला.

२४ एप्रिल. दुसरा लिव्हर

या वेळी गाडीच्या कंपनीचा, पार्ट नंबर बघून. जुना लिव्हर आणि व्हर्नियर सोबत नेला. काउंटरवरच मोजला: २८ मि.मी. नवा बोल्ट, नट आणि निपलजवळची रबरी टोपीही घेतली.

ब्रॅकेटची जागाही आज नीट केली. हँडलवर कारखान्याची बारीक ठिपक्याची खूण असते. ब्रॅकेटच्या क्लॅम्पची फट तिच्याशी जुळवायची. खूण घासून गेली असेल तर सीटवर बसून हात सरळ सोडायचा. मनगट वर किंवा खाली न मोडता बोटं लिव्हरवर पडली पाहिजेत. क्लॅम्पचा बोल्ट घट्ट हवा, पण हात लालबुंद होईपर्यंत आवळायचा नाही. हाताने जोर लावला की ब्रॅकेट जेमतेम फिरेल इतपतच. पुन्हा पडली तर ब्रॅकेट फिरतो आणि लिव्हर वाचतो. गच्च आवळलेल्या ब्रॅकेटमध्ये सगळा धक्का लिव्हर खातो.

इंजिनजवळचे नट ११ मि.मी.च्या खुणेवर आणून अडकवले, वरच्या ॲडजस्टरने बारीक जुळवणी केली. प्ले १४. वरचा ॲडजस्टर दोन-तीन आट्यांपेक्षा जास्त बाहेर ठेवला नाही. तो निम्म्याहून जास्त बाहेर आला तर उभ्या चिरेमुळे कमकुवत झालेली त्याची मान पडल्यावर वाकते. मोठी जुळवणी खाली, बारीक वर.

शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवलं, दोन्ही टोकांना प्ले मोजला. डावीकडे १४, उजवीकडे १२. दोन मि.मी.चा फरक चालतो. एका बाजूला प्ले नाहीसा होत असेल तर वायर हेडलाइटमागे कुठेतरी ताणली जाते आहे. ती क्लिपमधून मोकळी करून वेगळ्या वाटेने न्यावी.

त्याच रस्त्यावर चाचणी. क्लच परवापेक्षा जड, जुन्याइतकाच. सात रस्त्याला न्यूट्रल पहिल्या प्रयत्नात. परतताना आसरा पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून एक्सिलरेटर एकदम उघडला. इंजिनचा आवाज आणि वेग सोबतच वाढले, म्हणजे क्लच सरकत नाही.

४ मे. वायर

प्ले मोजला: १९. दहा दिवसांत पाच मि.मी. वाढ. नवी वायर बसल्यावर सुरुवातीला थोडी ढील येते, पण ही जुनी आहे, आणि जुनी वायर एकदम एवढी लांबत नाही. टोपी मागे घेतली तर निपलच्या मानेशी तीन तार तुटून पिसारल्यासारखे बाहेर आलेले.

हे त्या झिजलेल्या जुन्या लिव्हरचं देणं. त्याच्या खोबणीत निपल नीट फिरत नव्हतं. दर दाबाला निपलऐवजी वायरच मानेशी वाकत होती. हजारो वेळा एकाच जागी वाकलेला तार एकेक करून तुटतो. नवा लिव्हर बसवताना निपलजवळचे दोन इंच उजेडात फिरवून बघायला हवे होते. २४ तारखेच्या कामात हेच राहिलं होतं.

आट्यांचं सुटं निपल लावून जुनी वायर वाचवता येते, पण ते रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरतं. नवी वायर आणली. जुन्या वायरच्या शेजारी जमिनीवर ठेवून बाहेरच्या नळीची लांबी आणि दोन्ही टोकांना उघडी राहणारी तार, दोन्ही जुळवून बघितली. काढण्याआधी जुन्या वायरची वाट फोनमध्ये टिपून ठेवली: स्टिअरिंगच्या नळीची कोणती बाजू, कोणत्या क्लिपा.

वायरला आत नायलॉनचं अस्तर आहे. अशा वायरीत ग्रीस भरायचं नसतं, ते धुळीसह गोठून बसतं. पातळ तेलाचे थेंब पुरतात. सोलापुरात घरोघरी शिलाई मशीन आहे आणि मशीनचं तेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. त्याहून योग्य तेल शोधायला लांब जावं लागत नाही. वायर खिळ्याला उभी टांगली, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोन चिकटपट्टीने बांधला, त्यात चमचाभर तेल. तार वर-खाली करत राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत खालच्या टोकाला थेंब दिसतो. खालून तेल आलं म्हणजे पूर्ण वाट भिजली.

बसवून प्ले १४.

१८ मे. बसलेली ढील

प्ले १७. नव्या वायरच्या नळीची टोकं आपापल्या टोप्यांत बसली, तेवढी ही ढील. वरच्या ॲडजस्टरने परत १४. लॉकिंग रिंग हातानेच घट्ट, पक्कड लावली तर तिचे दाते मोडतात.

इंजिन ऑइलही आज बदललं. ओल्या क्लचच्या गाडीत हा विषय वेगळा काढता येत नाही, कारण प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. डब्यावर १०डब्ल्यू-३० (तेलाचा दाटपणा) आणि जॅसो एमए (ओल्या क्लचला चालणारं तेल) हे दोन्ही बघून घेतलं. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लचला सरकवतात, आणि लिव्हर, वायर, प्ले सगळं बरोबर असूनही दोष सापडत नाही.

१२ जून. मृगाचा पाऊस झाल्यावर

दोन सरी झाल्या. लिव्हर सोडल्यावर परत येताना किंचित अडखळतो. बोल्ट काढला तर त्यावर तांबूस पाणी आणि चिखलाची पातळ साय. टोपीचं तोंड वर राहिलं होतं, पाणी त्यातून आत उतरलं. बोल्ट आणि भोक चिंधीने पुसलं, ग्रीसचा नवा पातळ थर दिला, टोपी ब्रॅकेटच्या तोंडावर पूर्ण ओढून बसवली. निपलची मान तपासली, सगळे तार साबूत. लिव्हरच्या भोकाचा व्यास ८.०, झीज नाही.

थंड इंजिनावर प्ले १४. हँडल उजवीकडे वळवून १३. स्विच चालू, गिअरमध्ये क्लच दाबून बटण स्टार्ट होते.